मुलांना सांगू नका, दाखवा

वाचक भगिनींनो, तुमच्या घरात व्यायाम कोण करते? बहुतेक घरांतून उत्तर एकच येईल, "आम्हांला कशाला हवा व्यायाम? शेतात काय कमी राबतो?" हे म्हणणे खोटे नाही. खुरपणी, कांदेलागवड, डोक्यावरचे पाणी यांत घाम निघतोच, आणि त्याचा शरीराला उपयोगही होतो. पण घरातली मुले या राबण्याकडे कशी पाहतात? आईचे शरीर कामासाठी असते, एवढेच त्यांना दिसते.

आमचा मळा मनमाडहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. माझी धाकटी आठवीत गेली आणि तिचा खो-खो सुटला. कोणी बंद केला नाही, आपोआपच सुटला. शाळेतून आली की मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची. "जरा पळत जा, अंग मोकळं होईल," असे मी म्हटले, तर म्हणाली, "आई, मोठ्या बाया कुठं पळतात?"

बोलणे उद्धटपणाचे नव्हते. आमच्या वस्तीवर तिने पळणारी बाई खरोखरच पाहिली नव्हती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आमच्या मळ्यातून अंकाई-टंकाईची जोडी रोज दिसते. अंकाईचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट उंच. खाली जैन लेणी, वर अगस्ती ऋषींचे स्थान. लग्न होऊन आल्यावर मी एकदाच वर गेले होते, तेही जागोजागी बसत. दसऱ्याला मी घरात सगळ्यांसमोर सांगितले, "संक्रांतीपर्यंत मी कुठंही न बसता अंकाई चढणार." सासूबाई हसल्या. धाकटी म्हणाली, "बघू."

मग पहाटे गाडीवाटेने वीस मिनिटे चालणे सुरू केले. पुढे अर्धा तास, मधूनमधून थोडे पळणे, आणि घरी आल्यावर उठाबशा. चालले त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब द्यायचे काम मी धाकटीकडे सोपवले. हिशेब ती ठेवी, तेव्हा खोटे टिंब पडण्याची सोयच नव्हती.

कांद्याच्या लागवडीत पंधरा दिवस टिंबे पडली नाहीत. संक्रांतीला गड चढू लागले, पण अर्ध्या वाटेत दम लागला आणि बसावे लागले. धाकटी बरोबर होती. "आता गं?" तिने विचारले. मी म्हटले, "आता परत येऊ." महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी मी न बसता वर पोहोचले. तिने घरी येऊन त्या तारखेभोवती लाल गोल काढला.

त्या उन्हाळ्यात तिने पुन्हा खो-खो धरला. शाळा उघडल्यावर संघाची निवड झाली, त्यात तिचे नाव नव्हते. मला वाटले, आता सोडील. दुसऱ्या दिवशी पाहते तर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. मी काही बोलले नाही. आपण गड चढलो हे तर मुले पाहतातच, पण अर्ध्यातून उतरून पुन्हा गेलो हे त्याहून जास्त लक्षात ठेवतात.

आपल्या मनमाडचेच उदाहरण पाहा. २०२२ साली मेक्सिकोतील लिऑन येथे झालेल्या जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धेत मनमाडच्या आकांक्षा व्यवहारे हिने ४० किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले. दोन्ही प्रकार मिळून तिने १२७ किलो उचलले. आपली कांद्याची गोणी सुमारे ५० किलोची असते, यावरून अंदाज करावा. आज मनमाडच्या मुलीला "पोरी कुठं वजन उचलतात?" असे विचारण्याची गरज उरलेली नाही. तिने ते आपल्याच गावात पाहिले आहे.

पदक सगळ्यांनाच मिळणार नाही, पण दिसण्यासारखे काही तरी प्रत्येक घरात करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. शेतकामही त्यात धरले जाते. तेव्हा तुम्हांला फार वेळ काढावा लागणार नाही. फक्त एक गोष्ट स्वतःसाठी ठरवा. टेकडी असो, गावाबाहेरच्या देवळापर्यंत न थांबता चालणे असो की दहा सूर्यनमस्कार. ती मुलांसमोर बोलून दाखवा आणि हिशेब त्यांच्याकडे द्या. साखर, रक्तदाब किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गडावर एकटीने जाऊ नका, पाणी बरोबर ठेवा आणि चपलेऐवजी बूट घाला.

शेजारीण हसेल, हसू द्या. चार दिवसांनी तीच विचारील, "उद्या किती वाजता निघायचं?" आमच्या गाडीवाटेने आता पहाटे आम्ही चौघीजणी चालतो.