गिअरच्या दांडीची सोयरीक

मुलीचे लग्न जमवणे अवघड की जुन्या मोटारीला गिअरची दांडी मिळवणे अवघड, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता दांडीच्या बाजूने मत देईन. लग्नाच्या बाजारात निदान मध्यस्थ असतात, वधूवर सूचक मंडळे असतात. शिवाय मुलगा आणि मुलगी दोघेही पुढे थोडेफार जमवून घेतात. लोखंड जमवून घेत नाही. सूतभर फरक पडला की ते नकार देते, आणि तोही भीडभाड न ठेवता. दोन्ही कामे मी केलेली आहेत, तेव्हा हे अधिकाराने सांगतो.

आमची गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. तरुण वाचकांसाठी तिची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. इटलीतल्या फियाट कंपनीची ‘११००’ ही गाडी आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात होत असे. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. लोक मात्र अखेरपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. सासरचे नाव कागदावर आणि माहेरचे तोंडात, असा प्रकार! त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. आमच्या आप्पांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होतो. गाडी दारात उभी राहिली तेव्हा मला मिसरूड फुटले होते.

या गाडीचा गिअर पायाशी नसतो. तो स्टिअरिंगच्या दांड्याला, चक्राच्या खाली डाव्या हाताशी असतो. याला आपल्याकडे ‘हँड गिअर’ म्हणतात. दांडी आपल्याकडे ओढली किंवा पलीकडे ढकलली की गिअरांची जोडी निवडली जाते. मग ती वर किंवा खाली केली की त्या जोडीतला एक गिअर पडतो. हाताच्या या दोन हालचाली स्टिअरिंगच्या कडेकडेने खाली उतरतात आणि सळ्यांवाटे गिअरबॉक्सपर्यंत जातात. वाटेत जितके सांधे, तितक्या झिजायच्या जागा. एकेका सांध्यात केसाइतकी ढिलाई आली तरी चक्रापाशी तिची बेरीज बोटभर होते.

आता कोणी म्हणेल, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? गिअर सरळ जमिनीतून वर काढला असता तर? तर मग पुढची सलग बैठक गेली असती. हँड गिअरमुळे पुढे मधे काही आडवे येत नाही आणि तिघांना बसता येते. आमच्या घरात त्या मधल्या जागेला मोठा मान होता. आधी ती माझ्या धाकट्या बहिणीची होती, मग माझ्या मुलीची झाली, आणि गेली चार वर्षे ती माझ्या आईची आहे.

आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिला आता एकटीला तोल सावरत नाही. नव्या गाडीच्या मागच्या गादीवर ती वळणागणिक कलंडते आणि घाबरते. पण पद्मिनीत पुढे, उजवीकडे मी आणि डावीकडे आमची ही, अशी मधे बसली की ती निर्धास्त असते. दर रविवारी पार्ल्याहून ठाकुरद्वारला मामांकडे जायचे, दोघा भावंडांनी अर्धा तास बोलायचे, निम्मे ऐकू न आल्याने पुन्हा विचारायचे आणि परत यायचे. तिचा सारा आठवडा त्या रविवाराला टांगलेला असतो.

आणि गेल्या वर्षी नेमक्या श्रावणात गिअरची दांडी मुळापाशी तडकली. सेहेचाळीस वर्षे वर-खाली झाल्यावर तिला तरी काय बोल लावायचा! गॅरेजातल्या चाचांनी तडा पाहिला आणि मान हलवली. “वेल्डिंग मारूं सकतो साहेब, पण घाटात तुटला तर मला बोलू नका.”

दुसरी अडचण सरकारी होती. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. आमची मुदत दीड महिन्यात संपत होती, आणि गिअर न पडणारी गाडी तपासणीला न्यायची कशी? चिरंजीवांनी व्यवहाराची गोष्ट सांगितली. “बाबा, प्रीमियर ११८ एनईचा गिअरबॉक्स बसवून घ्या. कितीतरी पद्मिनीवाल्यांनी बसवलाय. नाहीतर गाडी भंगारात द्या.” सल्ला चुकीचा नव्हता. १९८५ मध्ये आलेल्या त्या गाडीचा गिअर जमिनीतला, भाग मिळायला सोपे. फक्त दांडी जिथून वर येते तिथे आईचे गुडघे येतात.

मी दांडी शोधायला निघालो.

पहिला मुक्काम ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे. एके काळी तिथल्या फळ्यांवर पद्मिनीचे भाग वाण्याच्या दुकानातल्या डाळीसारखे भरलेले असत, कारण मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणजे पद्मिनीच. गाडीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले तरी टॅक्सी धावत होत्या, म्हणून भाग येत होते. पण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली, ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. “टॅक्सी गेली, गिऱ्हाईक गेलं,” दुकानदार म्हणाले. “तुमच्यासारखे हौशी महिन्यात दोन येतात. दोघांसाठी माल कोण भरणार?”

मग स्थळे येऊ लागली. पहिले स्थळ अ‍ॅम्बॅसडरचे. तिचाही गिअर एके काळी स्टिअरिंगलाच असे. दांडी दिसायला सुरेख. पण घराणेच निराळे, मुळाशी काहीच जुळेना.

दुसरे स्थळ परदेशातले. माझा भाचा नोकरीनिमित्त इटलीत, तोही फियाटच्याच तुरीन शहरात असतो. त्याने उत्साहाने फोटो पाठवले. जुन्या ११०० ची दांडी, चकचकीत, जणू कालच घडवलेली. चाचांनी फोटो पाहिला आणि हसले. “साहेब, ही उलटी आहे.” खरेच की! तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे दांडी उजव्या हाताला. आपल्याकडची तिचे आरशातले प्रतिबिंब. सख्खी बहीण, पण उपयोग शून्य. भाच्याने आणखी शोध केला तर १९६६ नंतरची ११०० आर निघाली, आणि तिचा गिअर जमिनीतला! म्हणजे माहेरच्या मंडळींनी ही पद्धत केव्हाच सोडून दिली होती. आम्ही मात्र कुळाचार पाळीत बसलो होतो.

तिसरे स्थळ मला जवळजवळ फसवणार होते. एका दुकानात नवीकोरी नकली दांडी मिळाली. वर अगदी फिट्ट बसली. लांबी तीच, बाक तोच, टोकाची मूठ तीच. पण गाडी चढाला लागली की दुसरा गिअर आपोआप निसटे. तेव्हा चाचांनी मला गाडीखाली वाकायला लावले आणि जन्मभर पुरेल असा धडा दिला. जोडाची परीक्षा वरून करायचीच नाही. दांडीच्या खालच्या टोकाला एक आखूड हात असतो, तो सळीला ढकलतो. हात जितका लांब, तितकी सळी जास्त सरकते. नकली दांडीचा हा हात थोडा तोकडा होता. त्यामुळे सळी पुरती सरकत नव्हती, आत गिअरचे दात एकमेकांत अर्धेच शिरत होते आणि जोर पडला की सुटत होते. “वरचं सगळे बघतात साहेब. माल खाली असतो.”

तेव्हापासून मी खिशात जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा बाळगू लागलो. त्यावर जुन्या दांडीच्या खालच्या हाताचा आकार पेन्सिलीने उतरवलेला होता, शेजारी दांड्याचा व्यास लिहिलेला. ही आमची पत्रिका! ती घेऊन मी चोरबाजार फिरलो, पुण्याला नाना पेठेत गेलो, जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी उन्हात उकिडवा बसलो. हिने एकदा विचारलेही, “अहो, लेकीच्या वेळी एवढी पायपीट केली होतीत का?”

जोड अखेर घराजवळच निघाला. कुर्ल्याला भंगाराच्या एका गाळ्यात, जिथून मूळ गाडी निघाली तो कारखाना ज्या भागात होता तिथेच, एका मोडलेल्या टॅक्सीचे स्टिअरिंग पडले होते. दांडी काळवंडलेली, मूठ चालकाच्या तळव्याने गुळगुळीत झालेली, वर लाल दोरा गुंडाळलेला. मी पुठ्ठा खाली लावला. रेघेवर रेघ बसली.

गाळेवाल्याने सातशे रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही. चाचांनी लेथवाल्याकडून सगळ्या सांध्यांना नायलॉनच्या नव्या बुशी करून घेतल्या, सळ्यांची लांबी आट्यांवर कमीजास्त केली आणि इंजिन बंद ठेवून एकेक गिअर दहा-दहा वेळा टाकून पाहिला. मग मला बसवले. दुसरा गिअर पडला तेव्हा खालून एक बारीकसा ‘टक्’ आवाज आला. तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

लाल दोरा मी काढलेला नाही. ज्याने तो बांधला त्याने या दांडीवर संसार चालवला असेल, मुलांच्या फिया भरल्या असतील. आमच्या आप्पांची तडकलेली दांडी कपाटात ठेवली आहे. तिच्या जागी एका अनोळखी माणसाची दांडी आता आमच्या घरच्यांना नेते-आणते. एवढ्या मोठ्या शहरात दोन घरांची अशी सोयरीक झाली, आणि दोघांनाही एकमेकांचे नाव माहीत नाही.

तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली. पुढल्या रविवारी आई मधे बसली, लाल दोऱ्याकडे पाहून म्हणाली, “हा कुणी बांधला?” मी सांगितले. तिने तो बोटाने चाचपला आणि विचारले, “गाडी आता किती वर्षं चालवायला दिलीय त्यांनी?”

“पाच.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली. “चल, दादा वाट बघत असेल.”