पत्ता आपला हवा, यंत्र भाड्याचे चालेल

मंडळाचा ई-मेल कोणाच्या मोबाईल नंबरवर काढला आहे, हा प्रश्न आम्ही महाड-पोलादपूरकडच्या कार्यकर्त्यांना अधूनमधून विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एकच येते : त्या वेळच्या सचिवाच्या. मग सचिव नोकरीसाठी मुंबईला जातो, नंबर बदलतो, किंवा गट फुटतो आणि तो पलीकडच्या गटात बसतो. त्याच्याबरोबर दहा वर्षांचा पत्रव्यवहार, तहसीलदारांना दिलेल्या निवेदनांच्या प्रती, देणगीदारांचे पत्ते, सगळे जाते. चळवळीचे दप्तर एका माणसाच्या खिशात असते, आणि हे कोणाला खटकत नाही.

आम्ही शिवथर खोऱ्यातल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती, जात पडताळणी आणि वसतिगृह प्रवेशाची माहिती देणारी छोटी वेबसाइट चालवतो. तिच्यासाठी ई-मेल हवा होता. तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे होते : मोफत खाते नको, कंपनीही नको, आपला सर्व्हर आपणच चालवू, बाबासाहेबांनी नाही का स्वतःचा छापखाना काढला?

मुद्दा बिनतोड वाटतो. पण क्रम बघा. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा छापखाना स्वतःचा नव्हता. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात घेतली नव्हती. म्हणून नाव आपले, धोरण आपले, लेखणी आपली, एवढे आधी पक्के केले गेले. भारतभूषण छापखाना पुढे आला. आधी काय स्वतःचे हवे आणि काय काही काळ भाड्याने चालेल, हा विवेक त्या क्रमात आहे. ई-मेलच्या बाबतीत आम्ही तोच लावला.

पहिला पर्याय होता घरातल्या जुन्या संगणकाचा. खर्च जवळजवळ शून्य. पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल, याचा नेम नाही. जुलै २०२१च्या महापुरात महाड बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हा फोन लागणेसुद्धा मुश्कील होते. अर्थात ई-मेलची व्यवस्था अशा वेळी बरीच समजूतदार असते. समोरचा सर्व्हर बंद असेल, तर पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे एक दिवस वीज गेली म्हणून पत्र हरवत नाही. खरी अडचण पाठवण्याची आहे. मोबाईल इंटरनेटवर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात, आणि घरगुती जोडणीवरून थेट आलेला मेल मोठ्या कंपन्या बहुधा दारातूनच परत पाठवतात.

दुसरा पर्याय व्हीपीएसचा, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा छोटा सर्व्हर. महिन्याला चार-पाचशे रुपयांपासून मिळतो. त्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मुक्त सॉफ्टवेअर बसवता येतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, माणूस फुकट नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या, स्पॅम, भरत जाणारी डिस्क, हे सगळे कोणीतरी दर आठवड्याला बघावे लागते. अनेक कंपन्या ई-मेल बाहेर पाठवण्याचे पोर्ट २५ नव्या ग्राहकाला बंदच ठेवतात. ते उघडून घेतले, तरी आपल्याला मिळालेल्या आयपीवरून आधीच्या भाडेकरूने कचरा पाठवला असेल, तर त्याची बदनामी आपल्या वाट्याला येते.

इथे आम्हाला चवदार तळे आठवते. ई-मेलचा नियम १९८२पासून जगाला खुला आहे. कोणीही सर्व्हर उभारावा आणि कोणालाही पत्र पाठवावे. महाडचे तळेही नगरपालिकेच्या ठरावाने कागदावर खुले होते. पाणी प्यायला १९२७चा सत्याग्रह लागला. तुलना आम्ही जपून करतो. तिथे माणूसपणाचा प्रश्न होता, इथे यंत्राचा आहे. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर असते, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवावे लागत नाही. लहान सर्व्हरचे पत्र स्पॅममध्ये पडते, आणि शिष्यवृत्तीची मुदत त्या मुलीला कळतच नाही. आमच्या स्वावलंबनाच्या हौसेची किंमत तिने का मोजावी?

म्हणून आम्ही तिसरा पर्याय घेतला : डोमेन स्वतःचे, टपालपेटी भाड्याची. डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. टपालपेटीसाठी चेन्नईच्या झोहोसारख्या कंपनीची थोड्या खात्यांपुरती मोफत योजनाही आहे. पण तिच्यात आयमॅप नाही, म्हणजे थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पत्रे उतरवून घेता येत नाहीत. आमच्या मते हीच अट सर्वांत महत्त्वाची, म्हणून आम्ही थोडे पैसे मोजून आयमॅप असलेली पेटी घेतली. केंद्र सरकारच्या लाखो कर्मचाऱ्यांचे ई-मेलही आता झोहोच्या यंत्रणेवर गेले आहेत, पण पत्ता मात्र सरकारचाच राहिला आहे. सरकारला जे कळते, ते आपल्या मंडळांनाही कळायला हरकत नाही.

पत्ता आपला असला की उद्या कंपनीने दर वाढवले किंवा खाते अडवले, तर डोमेनमधली एमएक्स नोंद बदलायची. एक-दोन दिवसांत पत्रे दुसऱ्या दारी येऊ लागतात आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मोफत खात्यात ही सोय कधीच नसते, कारण तिथे पत्ताच कंपनीचा असतो.

डोमेनमध्ये आणखी तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ सांगते की आपल्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणाला आहे. डीकेआयएम ही पत्रावरची सही. या दोन्ही तपासण्या फसल्या तर पत्राचे काय करायचे, ते डीएमएआरसी सांगते. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून पहिल्या दोहोंपैकी निदान एक मागते, आणि दिवसाला पाच हजारांवर पत्रे पाठवणाऱ्याकडून तिन्ही. आपण तिन्ही कराव्यात. तासाभराचे काम आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही भाड्याच्या पेटीने सुटत नाही. साधा ई-मेल ज्याच्या यंत्रावर असतो, त्याला तो वाचता येऊ शकतो. अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव, जबाब, साक्षीदारांचे पत्ते आम्ही ई-मेलने मागवत नाही. ती कागदपत्रे हातोहात आणि वकिलाकडेच. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कार्यकर्त्याला नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या बैठकीत चार गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. डोमेन संस्थेच्या नावावर आहे का, की वेबसाइट करून देणाऱ्याच्या? पासवर्ड किमान दोघांकडे आहे का? नूतनीकरणाची तारीख कोण सांभाळतो? पत्रव्यवहाराची प्रत दर महिन्याला आपल्या डिस्कवर उतरते का? पदाधिकारी बदलतील, गट फुटतील आणि पुन्हा जुळतील. दप्तर संस्थेचे राहिले पाहिजे. ते सांभाळणारी तुकडी तयार झाली, हाताशी जाणकार मुले-मुली आली, की स्वतःचा सर्व्हरही जरूर उभारू.

जय भीम!