राखीव तिसरा हिस्सा

पहाटेच मालवणहून वेंगुर्ल्याकडे निघालो. मतलई वारा मंद, पाणी तेलासारखं शांत. नाक वर करून पाणी ढकलणारी होडी सर्वांत जास्त पेट्रोल पिते; ती पाण्यावर सपाट धावू लागली तशी रेस कमी केली. वेग फारसा उतरला नाही, इंजिनाचा आवाज मात्र मऊ झाला. बचत होते ती इथेच.

दुपारी परतताना वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर. तेवढ्याच अंतराला पेट्रोल भराभर उतरू लागलं. टाकी हलवून पाहिली. आतली खळखळ ऐकली तेव्हा जीव भांड्यात पडला.

एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. छोट्या होडीने लांब जाणाऱ्यांनो, हा तिसरा हिस्सा कधीही हिशेबात धरू नका.