दोन उपवास

आमच्या सोलापुरास उपवासाचे वावडे नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात. तेव्हा आषाढीस निम्मे गाव उपाशी, निदान तसे म्हणविणारे तरी, असते. आणि रमजान लागला म्हणजे विजापूर वेशीकडे उजाडण्यापूर्वीच घरोघर दिवे लागून सहरीची भांडी वाजू लागतात. दोन्ही उपवास चंद्राच्या हिशेबाने येतात. पण आमच्या पंचांगात अधिक मास येऊन सणांस त्यांच्या ऋतूंत परत आणून बसवितो. हिजरी वर्षास तशी सोय नाही. म्हणून रमजान दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरतो व सुमारे तेहतीस वर्षांत साऱ्या ऋतूंची फेरी पुरी करतो. २०१८ साली रोजे मेच्या मध्यावर सुरू झाले होते. सोलापूरचा मे ज्याने सोसला आहे, त्यास त्या दिवसांत चौदा तास पाण्याचा घोटही न घेणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

२०१४ साली ९ जुलैस आषाढी एकादशी आली, ती रोजे चालू असतानाच. त्या दिवशीची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

आमच्या आळीत, यंत्रमागावर चादरी विणण्यात ज्यांची हयात गेली, असे एक वृद्ध गृहस्थ राहत. लहानथोर त्यांस चाचा म्हणत. त्या दुपारी साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस असा यथासांग ‘उपवास’ उरकून आम्ही ओसरीवर लवंडलो होतो. इतक्यात चाचा आले. हातात रुमालाची लहानशी गाठोडी होती.

“मास्तर, जरा आत बसू का? दार तेवढं लोटून घ्या.”

गाठोडीतून ज्वारीची एक भाकरी व शेंगाची चटणी निघाली. ती पाहून आम्ही हसत म्हणालो, “काय चाचा, रोजा मोडला वाटतं?”

चाचांचा चेहरा उतरला. महिन्यापूर्वी ते मागापाशीच घेरी येऊन पडले होते. मधुमेह निघाला, सुई सुरू झाली आणि उपाशी राहावयाचे नाही, अशी डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली. घरात दहा वर्षांचा नातू पहिल्यानेच रोजे धरीत होता. त्याच्यासमोर घास उतरेना, म्हणून ते आमच्याकडे आले होते.

आम्ही खजील झालो, आणि खजील झालेला सुशिक्षित मनुष्य जे करतो तेच केले. पुस्तकी ज्ञान सांगू लागलो. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात रोज्याची आज्ञा आहे, तेथेच आजाऱ्यास व प्रवाशास सूट आहे; चुकलेले रोजे त्यांनी पुढे भरून काढावे, आणि ज्यास ते कधीच झेपणार नाही, त्याने दर रोज्यामागे एका गरिबास जेवू घालावे. चाचांनी शांतपणे ऐकून घेतले.

“ते ठाऊक आहे, मास्तर. रोज एकाचा डबा पोचवतो मी. सूट त्याचीच आहे, ती नाकारणं हाही माजच. पण सूट मिळाली म्हणून ढेकर देऊ नये.”

अर्धी भाकरी खाऊन, पाण्याचे दोन घोट घेऊन त्यांनी उरलेली भाकरी पुन्हा बांधली आणि कोणाची निंदा नाही, कोणावर आवाज चढविणे नाही, अशा बेताने ते दिवसभर वागत राहिले. रोजा जिभेचाही असतो, हे आम्ही वाचले होते. पाहिले त्या दिवशी. रोजेदार दार लावून घोटभर पाणी प्याला, तर कोणास कळणार आहे? त्या व्रतास साक्षीदार नाही, हेच त्याचे बळ. आमच्या चाचांनी तर जे खाण्याची मुभा होती, तेही दार लावून खाल्ले! ज्याचा रोजा नव्हता तो व्रतस्थ होता, आणि ज्यांचा उपवास होता ते आम्ही तृप्त होऊन लवंडलो होतो.

सायंकाळी सात वाजून गेल्यावर मशिदीतून बांग आली. थोड्याच वेळाने चाचांचा नातू ताटली घेऊन दारात उभा. तिच्यात खजूर व केळी होती. “दादाजी म्हणाले, हे तुमच्या उपवासाला चालतं.” पोराचे ओठ सुकलेले होते, पण डोळे लकलकत होते. आम्ही एक खजूर उचलला. रात्री दुसरे काही घ्यावेसे वाटले नाही.

चाचा आता नाहीत. त्या थट्टेबद्दल क्षमा मागू मागू म्हणता राहूनच गेली. आमच्या घरी मात्र तेव्हापासून एकादशीस एकच जिन्नस होतो, आणि एक डबा बाहेर जातो.