अखेरच्या षटकातला रक्तदाब

२९ जून २०२४ ची रात्र. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना ऐन रंगात आला होता. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि बाबांना विश्रांती हवी होती, असे आमचे मत. वर्षापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. म्हणून त्यांना आम्ही आतल्या खोलीत धाडले होते.

अखेरच्या षटकात १६ धावा उरल्या. मिलरने टोलावलेला पहिलाच चेंडू सूर्यकुमारने सीमारेषेवर झेलला, वर उडवला, बाहेर जाऊन आत आला आणि पुन्हा टिपला. आम्ही किंचाळलो. मागे वळून पाहतो तो दारात बाबा, एक हात छातीवर. माझा श्वासच अडकला.

"दुखतंय का?"

"नाही रे. आत नुसता आरडाओरडा ऐकू येतो, कोण बाद झालं ते कळत नाही. जीव जाईल तो त्यानं!"

सात धावांनी विजय मिळताच मी रक्तदाबाचे यंत्र आणले. बाबांनी हात मागे घेतला. "आधी पाच मिनिटं पाठ टेकून स्वस्थ बसू दे. आणि तू बोलू नकोस."

त्यांचा आकडा नेहमीचाच आला. मग त्यांनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला: १५२/९६. सामन्याचा परिणाम, असे मी हसून म्हणालो. पण पुढचा आठवडाभर सामना नसतानाही आकडा फारसा उतरला नाही.

आता माझी गोळी त्यांच्या गोळीशेजारी असते. आणि सामना असला की बाबांची खुर्ची सर्वांत पुढे.