दासगावच्या धक्क्यावर

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याआधी बूट धुवावे लागतात. रबरी होडीत उतरायच्या दाराशी जंतुनाशकाचं गुलाबी पाणी भरलेली उथळ परात असते. त्यात उभं राहायचं, लांब दांड्याच्या ब्रशने तळव्याच्या खाचा घासायच्या आणि मग होडीत पाय टाकायचा. जाकिटाचे खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या आधीच व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून घेतलेल्या असतात. गवताचं एखादं परकं बी तिकडच्या मातीत रुजलं तरी नुकसान. परत येताना पुन्हा तेच. प्रवासी असो, पक्षितज्ज्ञ असो की होडी हाकणारा खलाशी, परात सगळ्यांना एकच.

गेल्या फेब्रुवारीत उश्वायाहून निघालेल्या आमच्या बोटीवर आणखी एक मराठी बाई होत्या, मूळच्या महाडकडच्या. एका सकाळी परातीतून बाहेर येता येता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं पाणी प्यायली म्हणून तळं धुतलं होतं." बुटांवरचं पाणी निथळेपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे पणजोबा होते तिथे. डिसेंबरात ते पुन्हा गेले, मुंबईहून बोटीने. दासगावला उतरले."

ड्रेक सामुद्रधुनीतून परतायला दोन दिवस लागले. बोट दोन्ही अंगांना कलंडत होती, निम्मे प्रवासी अंथरुणाला खिळले होते आणि दालनात शॅकल्टनवरचं व्याख्यान चालू होतं. बर्फाने चेपत नेलेलं आणि 1915 साली बुडालेलं त्यांचं 'एन्ड्युरन्स' जहाज हे माझं शाळेपासूनचं वेड. त्याच वेडापायी निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा मी या प्रवासावर घातला. पण त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात दुसरीच बोट शिरली होती. तिचं नाव 'पद्मावती'.

डिसेंबरात वीर स्थानकावर उतरून महाड गाठलं. मिळालेली खोली वाईट होती. गादी दमट, खिडकी रस्त्यावर, रात्रभर ट्रकचे हॉर्न. गरम पाणी सहा ते सात एवढंच, तेही सातच्या आत संपलं. मालकांनी रायगडाला गाडी ठरवून देण्याचा फार आग्रह केला. रायगड मी चारदा पाहिलाय, पाचव्यांदाही पाहीन, पण या खेपेला नाही. गांधारपाल्याची लेणीसुद्धा रिक्षातूनच पाहिली. मला बंदर गाठायचं होतं.

डोंगर आणि सावित्री यांच्या बेचक्यात दासगाव बसलंय. जुलै 2005 च्या पावसात हाच डोंगर गावावर आला. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांतली कितीतरी घरं माणसांसकट दरडीखाली गेली. रिक्षावाल्याने रिक्षा हळू केली, हाताने डोंगराची ती बाजू दाखवली आणि काही न बोलता पुढे काढली.

खाडीवर पोचले तेव्हा ओहोटी होती. करड्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, तिवरांच्या मुळांवर पाण्याची ओली रेघ दिसत होती आणि एक होडी कुशीवर कलंडून भरतीची वाट पाहत होती. महाबळेश्वरातून निघालेली सावित्री इथे खारी होते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. मोठी गलबतं दासगावपर्यंत येत. त्यापुढे महाडला जायचं तर भरती बघावी लागे. महाडच्या व्यापाराचं फाटक म्हणजे हे गाव.

इंग्रजांनी ते लवकर हेरलं. 1756 मध्ये बाणकोटचा किल्ला त्यांच्याकडे गेला, त्याबरोबर मिळालेल्या गावांत दासगाव होतं. म्हणजे आठ-नऊ किलोमीटरवरच्या महाडात पेशव्यांचा अंमल असताना इथे कंपनीचं राज्य चालू होतं. तिचा चित्रकार नोकर जेम्स फोर्ब्स 1771 च्या सुमारास आजारी पडून बाणकोटला हवापालटासाठी आला, तेव्हा तो इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंतही येऊन गेला. कंपनीच्या फौजेत या मुलखातले महार शिपाई भरती झाले, निवृत्त होऊन गावी परतले, लिहायला-वाचायला शिकून परतले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. आणि याच दासगावच्या शाळेत शिकलेला एक मुलगा, रामचंद्र बाबाजी मोरे, शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या हायस्कुलात प्रवेशासाठी झगडला. पुढे महाडात परिषद भरवण्याचा ध्यास त्यानेच घेतला.

मार्च 1927 मध्ये ती परिषद झाली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये झालेला होता, महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं होतं. 20 मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. मग मार खाल्ला. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावही मागे घेतला.

अंटार्क्टिकाच्या परातीपाशी त्या बाई का थांबल्या असतील ते मला इथे, या चिखलाशी बसल्यावर उमगलं. तिथे धुणं होतं ते जागा सगळ्यांसाठी राहावी म्हणून. एका वेळी 100 च माणसांनी उतरायचं आणि पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, हे नियमही त्याचसाठी. इथे तळं धुतलं ते जागा सगळ्यांची होऊ नये म्हणून.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला. मुंबईहून महाडला धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे मोटारीने जाता येई. पण मोटारवाले बहिष्कार टाकतील अशी चिन्हं होती. म्हणून 24 डिसेंबरला सुमारे 200 प्रतिनिधी बाबासाहेबांबरोबर 'पद्मावती'त चढले आणि 25 ला दुपारी दासगावच्या धक्क्यावर उतरले. धक्क्यावर 3,000 हून जास्त माणसं वाट पाहत होती, आणि जिल्हाधिकाऱ्यांची चिठ्ठी घेऊन पोलीस अधिकारीही. बाबासाहेब जिल्हाधिकाऱ्यांच्या भेटीसाठी पुढे गेले. बाकीचे पाच मैल चालत, घोषणा देत महाडला पोचले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली.

एवढी बोट, एवढा धक्का, आणि चरित्रांतून त्याला जेमतेम चार ओळी! महाडला भेटलेल्या इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षकांजवळ मी हीच तक्रार केली. म्हटलं, ही मोहीमच होती. ध्रुवाकडे जाणाऱ्यांची वाट बर्फाने अडवली, यांची माणसांनी.

सर चहा ढवळत म्हणाले, "ताई, बोटीचं फार कौतुक करू नका. कोकणातला माणूस बोटीनेच जायचा. मुंबईचा गिरणीकामगार शिमग्याला यायचा तो बोटीनेच. त्या लोकांना बोट काही नवी नव्हती. नवं होतं ते उतरल्यावर. तीन हजार माणसं ताठ मानेने हमरस्त्यावरून चालली. तुम्ही समुद्र बघताय, मी रस्ता बघतो."

मी वाद घातला. मोटार मिळणार नाही म्हटल्यावर बेत रद्द करता आला असता, पुढे ढकलता आला असता. कोर्टाने तळ्यावर मनाईचा तात्पुरता हुकूम दिला होता, तेही निमित्त झालं असतं. त्यांनी पाण्याची वाट धरली, हा निर्णय होता. सरांनी मान डोलावली, पण पटलं नाही त्यांना. निघताना म्हणाले, "एकदा चालून बघा."

म्हणून बेतात नसताना दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा धक्क्यावर गेले आणि तिथून चालायला सुरुवात केली. भरती लागत होती, कालची होडी आता सरळ उभी होती. रस्ता आता चारपदरी आहे, सावली नाही, अंगावरून ट्रक जातात आणि धूळ दातांत येते. डिसेंबर असूनही ऊन बोचत होतं. दोन किलोमीटरवर सरांचं म्हणणं पायांना पटायला लागलं. त्या 200 जणांची रात्र वाटेतच गेली होती. गाठोडी असतील, पाय सुजले असतील. पुढे काय वाढून ठेवलंय ते मार्चमध्ये त्यांनी पाहिलेलं होतं. तरी ते चालले. बोट त्यांना धक्क्यापर्यंत घेऊन आली, पुढचं त्यांनी स्वतः केलं.

चवदार तळं गाठायला मला सव्वादोन तास लागले. वाटेत दोनदा पाणी मागितलं. पहिल्या घरी एका मुलीने फ्रीजमधली बाटलीच हातात दिली. दुसऱ्या घरी म्हातारी अंगणात भात वाळवत होती. ती उठली, आतून तांब्या-भांडं आणलं आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. मग तिने आडनाव विचारलं.