कोवाल्स्कीचं घर

ती. मामांस,


तुम्ही 'ग्रॅन टोरिनो' पाहिलात आणि विचारलंत, की बंदूक घेऊन व्हरांड्यात बसणारा असला तिरसट म्हातारा डेट्रॉइटमध्ये खरंच भेटतो का. कोल्हापूरकरांना पोलिश माणूस म्हटलं की वळिवड्याची छावणी आठवणार. पण 1943 ते 48 या काळात तिथे राहिलेली माणसं युद्धाने देशोधडीला लावलेली होती. डेट्रॉइटचे पोल त्यांच्या कितीतरी आधी, पोटामागे निघालेले. ते निघाले तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो कधीच वाटून खाल्ला होता.

क्लिंट ईस्टवुडने 2008 साली उभा केलेला वॉल्ट कोवाल्स्की फोर्डमधून निवृत्त झालेला, विधुर, मुलांशी न पटणारा. आडनाव बरोबर, नोकरी बरोबर. एकटेपणा मात्र हॉलिवूडचा. खऱ्या कोवाल्स्कीच्या घरात एकटं बसायला जागा नव्हती.

डेट्रॉइटच्या पोटात हॅमट्रॅमिक म्हणून एक वेगळं गाव आहे, जेमतेम दोन चौरस मैलांचं. 1910 च्या शिरगणतीत तिथे 3,559 माणसं होती. मग डॉज बंधूंनी कारखाना काढला आणि 1920 ला आकडा 48,615 वर गेला. त्यांतले बहुतेक पोलिश. शेतीवर वाढलेला गडी इथे फौंड्रीत उभा राहिला. शिरोलीच्या फौंड्र्यांमधली धग तुम्ही पाहिली आहे, जास्त सांगत नाही. पण त्याचा जीव कारखान्यात नव्हता, घरात होता. गावाकडे जमीन असेल त्याला मान असायचा, तसा इथे स्वतःचं घर असेल त्याला.

ही घरं तुम्ही बघायला हवीत. लाकडी, पुढून अरुंद, मागे लांबत गेलेली आणि इतकी खेटून, की शेजारणीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून मीठ देता यावं. हप्ता एकट्याच्या पगारात भागत नसे, म्हणून वरच्या खोलीत गावाकडचे सडे पुरुष भाड्याने ठेवायचे. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच अंथरुणात शिरायचा. त्या सगळ्यांचं रांधणं, धुणं, डबे बायकोकडे. कुटुंबाचा कर्ता म्हणून नाव त्याचं, पण निम्मं घर तिने उभं केलं, असं माझं मत आहे.

त्यातच हेन्री फोर्डने जानेवारी 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर जाहीर केले. ही मोठी रक्कम होती. मात्र ती सरसकट मिळत नसे. कंपनीचे तपासनीस घरी येऊन बघत: घर स्वच्छ आहे का, माणूस पितो का, पैसे साठवतो का, आणि भाडोत्री किती. फोर्डला भाडोत्री खपत नसत. म्हणजे ज्यांच्या जिवावर हप्ता फिटायचा, तेच घरात दिसता कामा नयेत!

मार्च 1937 मध्ये डॉजच्या या मुख्य कारखान्यात कामगारांनी बैठा संप केला. यंत्रं बंद, कामगार आत, जेवण बाहेरून. पुढच्याच महिन्यात मालक क्रायस्लर कंपनीने युनियनशी करार केला. पोलिश कामगार म्हणजे चर्चला भिऊन वागणारा, मान खाली घालणारा माणूस, अशी मालकांची समजूत होती, ती त्या वर्षी गेली.

चर्चचा धाक नव्हता असं नाही, पण चर्च त्याचं स्वतःचं होतं. हॅमट्रॅमिकचं सेंट फ्लोरियन, 1928 साली पूर्ण झालेलं ते विटांचं प्रचंड देऊळ, मजुरांच्या पगारातून उभं राहिलं. मुलांची शाळा तिथलीच, लग्नं तिथलीच. जोडीला पोलिश नॅशनल अलायन्ससारख्या संस्था होत्या. ही 1880 सालची. तिचा विमा काढलेला असला, की कर्ता गेल्यावर घरच्यांच्या हाती काही पैसे पडत.

आता मुख्य गोष्ट. जानेवारी 1980 मध्ये डॉजचा तो जुना कारखाना बंद पडला. शहराची स्थिती बिकट. जनरल मोटर्सने नवा कारखाना काढायची तयारी दाखवली, पण जागा मोकळी करून हवी होती. ही जागा म्हणजे बंद कारखान्याची जमीन आणि त्याला लागूनची पोलटाऊन वस्ती. तिथे सुमारे 4,200 माणसं राहत होती. निम्मे पोलिश, उरलेल्यांत बरेच कृष्णवर्णीय. आश्वासन 6,000 नोकऱ्यांचं. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1981 मध्ये निकाल दिला, की खासगी कंपनीसाठी घरं ताब्यात घेतली तरी तो लोकहितच. युनियन प्रकल्पाच्या बाजूने उभी राहिली. आर्चडायसीसने, म्हणजे चर्चच्या वरच्या व्यवस्थेने, वस्तीतल्या चर्चच्या वास्तू विकून टाकल्या. माणसाने ज्या दोन ठिकाणी आयुष्यभर वर्गणी भरली, त्या दोन्हींनी ऐन वेळी पाठ फिरवली. मला यात नुकसानभरपाईच्या रकमेपेक्षा हे जास्त लागतं.

इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचे फादर जोसेफ करासिएविच तेवढे वस्तीबरोबर राहिले. लोक, त्यांत म्हाताऱ्या बायका बऱ्याच, 29 दिवस चर्चच्या तळघरात ठाण मांडून बसले. 14 जुलैला पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि चर्च पाडलं गेलं. फादर त्याच डिसेंबरात वारले. कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. नोकऱ्या सांगितल्या तेवढ्या कधीच निघाल्या नाहीत. 2004 मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात आपला 1981 चा निकाल मोडीत काढला. तोवर आपल्या कोवाल्स्कीची मुलं उत्तरेकडच्या उपनगरांत स्थिरावली होती.

हॅमट्रॅमिकच्या जुन्या घरांत आता बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबं आहेत, तशीच खेटून, तशीच एका घरात बरीच माणसं. सुमारे शंभर वर्षं महापौर पोलिशच होते. 2021 मध्ये पहिल्यांदा येमेनमध्ये जन्मलेला माणूस निवडून आला.

पोलिश मंडळी गावात दिसतात ती ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी. त्या दिवशी बेकऱ्यांत पोंच्की तळतात: अंडी, लोणी घातलेल्या पिठाचे गुबगुबीत गोळे, आत आलूबुखारची नाहीतर गुलाबाच्या फळांची जेली. उपवासाआधी घरातली चरबी-साखर संपवायची ही युक्ती. पोलंडमध्ये हा सण गुरुवारी असतो, इथे तो मंगळवारी कसा आला यावर दोन म्हातारे रांगेत सहज अर्धा तास भांडतात. तुम्ही येणार असाल तर फेब्रुवारीचं बघा. रांग अंधार असतानाच लागते, जाड कोट आणा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा